स्वच्छमंडलाच्या वेदनाकारक विकारांवरील ऊतकरोपण

डोळ्याच्या गोलकाचा सर्वांत पुढचा पारदर्शक भाग म्हणजे स्वच्छमंडल होय. बोलीत त्याचा समावेश ‘बुबुळ’ या शब्दात होतो आणि त्यावर पांढरा डाग पडला म्हणजे ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात. स्वच्छमंडलाच्या काही जुनाट विकारांत दृष्टी गेल्यानंतरही डोळ्याचे दुखणे थांबत नाही. अशा वेळी स्वच्छमंडलाच्या उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर दुसऱ्या ऊतकाचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहाचे) आच्छादन शस्त्रक्रियेने बसवितात. यासाठी मुख्यत्वे दोन ऊतके वापरली जातात. एक, रुग्णाच्याच डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरण म्हणजे नेत्रश्लेष्मपटल. व दुसरे, प्रसूतीनंतर वारेबरोबर बाहेर पडणारे उल्बपटल (गर्भाभोवतीचे सर्वांत आतले आवरण). दृष्टी परत मिळवून देणे हा या शस्त्रक्रियेचा हेतू नसतो. वेदना थांबविणे एवढाच असतो. नेत्रशल्यविज्ञानाच्या इतिहासात या मर्यादित हेतूला बराच काळ गौण स्थान मिळाले. हा इतिहास मुख्यतः युरोप-अमेरिकेतील मोठ्या शहरांत घडला. परंतु कोणत्या रुग्णासाठी कोणती पद्धत योग्य, हा त्यातील प्रश्न नंदुरबारसारख्या डोंगराळ व आदिवासीबहुल जिल्ह्यात अधिक निकडीचा ठरतो.

स्वच्छमंडलाची जाडी मध्यभागी सु. ०·५ मिमी. असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, मात्र वेदनावाहक तंत्रिका (मज्जा) अत्यंत दाट असतात. त्वचेच्या तुलनेत त्यांची दाटी शेकडो पटींनी अधिक आहे. या तंत्रिकांची अग्रे सर्वांत बाहेरच्या अधिस्तराच्या कोशिकांमध्ये पसरलेली असतात. त्यामुळे अधिस्तराचा लहानसा कपचा निघाला तरी डोळ्यात वाळू गेल्यासारखी तीव्र वेदना होते. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर देठ खुडण्याचे काम करणाऱ्या मजुरांना हा अनुभव वेगळ्या मार्गाने येतो. मिरचीतील कॅप्सायसीन हे द्रव्य याच तंत्रिकाग्रांना उद्दीपित करते. डोळा धुतला की ती आग काही वेळाने शमते व सामान्यतः मागे व्रण राहत नाही. प्रस्तुत विकारांत मात्र तंत्रिकाग्रे पुनःपुन्हा उघडी पडत राहतात, म्हणून दुखणे महिनोन्‌महिने चालते.

या विकारांपैकी प्रमुख म्हणजे फोडयुक्त स्वच्छमंडलविकृती होय. स्वच्छमंडलाच्या आतल्या बाजूस कोशिकांचा एकेरी अंतःस्तर असतो. डोळ्यातील जलीय द्रव स्वच्छमंडलात झिरपत असतो व अंतःस्तराच्या कोशिका तो सतत परत बाहेर टाकतात. प्रौढ वयात दर चौ. मिमी. मध्ये या कोशिका सु. २,५०० असतात. माणसात त्या नष्ट झाल्या तर त्यांची जागा नव्या कोशिका घेत नाहीत. उरलेल्या कोशिका केवळ पसरून पोकळी भरून काढतात. त्यांची संख्या फार घटली की स्वच्छमंडलात पाणी साचते, ते सुजते व धुरकट होते. पुढे अधिस्तराखाली पाण्याचे फोड येतात. पापणी मिटता-उघडताना फोड फुटतो आणि त्याखालच्या तंत्रिका उघड्या पडतात. जखम भरते न भरते तोच शेजारी दुसरा फोड येतो. डोळ्यातून पाणी वाहणे, उजेड सहन न होणे, रात्री झोपमोड होणे ही लक्षणे त्यामुळे कायमची होऊन बसतात.

अंतःस्तराच्या हानीची कारणे अनेक आहेत. जन्मजात दुबळेपणा, दीर्घकाळ वाढलेला नेत्रदाब (काचबिंदू) आणि डोळ्याला झालेला मार ही त्यांपैकी काही होत. संख्येने मात्र मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उद्‌भवणारी विकृती सर्वांत महत्त्वाची आहे. यात शस्त्रक्रियेचा दोष असतोच असे नाही. पिकून कडक झालेला मोतीबिंदू काढताना, विशेषतः वृद्धाच्या डोळ्यात, काही कोशिका गमावल्या जाणे अटळ असते. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडन येथे डोळ्यात कृत्रिम भिंग प्रथम बसविले. त्यानंतरच्या काही दशकांत परितारिकेच्या (डोळ्यातील रंगीत पडद्याच्या) पुढे बसविण्याची जी भिंगे प्रचारात आली, त्यांतील काही प्रकारांनी अंतःस्तराची मोठी हानी केली. १९७० ते १९९० या काळात पाश्चात्त्य देशांत स्वच्छमंडलरोपणाची गरज वाढण्यामागे हे एक ठळक कारण होते. भारतात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने मोतीबिंदू नियंत्रणाचा जो प्रकल्प आखण्यात आला, त्यातील सात राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. लक्षावधी माणसांना त्यामुळे दृष्टी मिळाली. शस्त्रक्रियांच्या संख्येबरोबर त्यांच्या उपद्रवांची संख्याही थोडी वाढणे स्वाभाविक होते.

येथे गणनेतील एक त्रुटी लक्षात घेण्याजोगी आहे. अंधत्वाची पाहणी करताना माणसाच्या दोन डोळ्यांपैकी अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी मोजतात. एक डोळा चांगला आणि दुसरा निकामी व सतत दुखणारा असा माणूस या हिशोबात अंध ठरत नाही. त्याची वेदना तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्यामुळे अशा रुग्णांची संख्या जिल्हावार सांगता येत नाही व त्यांच्यासाठी वेगळी तरतूदही सहसा केली जात नाही.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती व तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के होते. तापीकाठचे नंदुरबार, शहादे व तळोदे हे सपाट मुलूख आणि सातपुड्यातील अक्कलकुवे व अक्राणी हे डोंगराळ तालुके यांत वैद्यकीय सोयींच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. ऊस, कापूस, ज्वारी यांच्या शेतीत पात किंवा काडी डोळ्याला लागून होणारी इजा सर्वच शेतीप्रधान भागांत आढळते. वनस्पतीच्या अशा स्पर्शातून कवकांचा (बुरशीचा) संसर्ग होऊन स्वच्छमंडलावर व्रण होतो. तो बरा झाला तरी फूल राहते. तंबाखूबरोबर खाण्याच्या चुन्याची पुडी मुलांच्या हातून फुटून डोळ्यात उडणे, ही भारतात वारंवार नोंदली गेलेली आणखी एक दुर्घटना आहे. चुना अल्कधर्मी असल्याने तो ऊतकात खोलवर उतरतो व आम्लापेक्षा अधिक हानी करतो. अशा डोळ्यात स्वच्छमंडलाची कड भाजून निघाली असेल, तर अधिस्तर पुन्हा नीट वाढतच नाही.

इतिहास : दुखणाऱ्या डोळ्याकडे प्राचीन भारतीय वैद्यांचे लक्ष गेलेले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या कृष्णभागाचे सव्रण शुक्र, अव्रण शुक्र, अक्षिपाकात्यय व अजका असे चार रोग सांगितले आहेत. यांपैकी अजका हा वेदनायुक्त असून त्यात शेळीच्या लेंडीसारखा उंचवटा कृष्णभाग भेदून बाहेर येतो, असे त्याचे वर्णन आहे. व्रण फुटून परितारिका बाहेर आल्याचे ते वर्णन असावे. बाजूने सुईने वेध घेऊन आतील पाणी काढून टाकण्याचा उपाय तेथे सांगितला आहे. ऊतकाचे आच्छादन घालण्याची कल्पना मात्र तेथे नाही. नाक व कानाची पाळी यांच्या दुरुस्तीसाठी शेजारची त्वचा वळवून वापरणाऱ्या संहितेत ती डोळ्याच्या बाबतीत आली नाही, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. सूक्ष्म सुया, तितकाच सूक्ष्म धागा व स्थानिक बधिरीकरण यांवाचून ते शक्यच नव्हते.

डोळा बधिर करण्यासाठी कोकेनचा उपयोग १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी दाखवून दिला आणि नेत्रशल्यविज्ञानाचा खरा विस्तार तेव्हापासून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत जर्मन शल्यविशारदांनी नेत्रश्लेष्मपटलाची घडी ओढून स्वच्छमंडलावर आणण्याचे प्रयोग केले. परंतु घडी जाड घेतली जाई, ती आक्रसे व काही दिवसांत मागे सरके. त्यामुळे पद्धत रूढ झाली नाही. दृष्टिहीन व दुखणाऱ्या डोळ्याचा ठरलेला उपाय म्हणजे तो काढून टाकणे हाच राहिला.

याच सुमारास शास्त्रज्ञांचे लक्ष अधिक आकर्षक ध्येयाकडे, म्हणजे अपारदर्शक स्वच्छमंडल काढून त्या जागी दुसऱ्याचे पारदर्शक स्वच्छमंडल बसविण्याकडे वळले होते. ७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ट त्सिर्म यांनी मोरेव्हियातील ओलोमोउत्स येथे हे रोपण माणसात प्रथम यशस्वी केले. त्यांचा रुग्ण चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इजेमुळे काढाव्या लागलेल्या एका मुलाच्या डोळ्यातून त्यांनी ऊतक घेतले होते. बसविलेल्या दोन रोपांपैकी एकच स्वच्छ राहिले. पुढे १९३० नंतर ओडेसा येथील व्ह्लादिमिर फिलाटोव्ह यांनी मृत व्यक्तीच्या डोळ्यातील स्वच्छमंडल वापरता येते हे मोठ्या संख्येने शस्त्रक्रिया करून सिद्ध केले आणि नेत्रपेढीची कल्पना व्यवहार्य झाली. भारतातील पहिली नेत्रपेढी मद्रास (चेन्नई) येथे १९४५ मध्ये स्थापन झाली. तेथेच आर. ई. एस. मुथय्या यांनी १९४८ मध्ये यशस्वी स्वच्छमंडलरोपण केले.

मृताचे नेत्र काढून घेण्यास कायद्याचा आधार लागतो. ब्रिटनने तसा कायदा १९५२ मध्ये केला व त्यानंतर पाच वर्षांनी मुंबई राज्याने स्वच्छमंडलरोपणाचा स्वतंत्र अधिनियम संमत केला. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा त्या राज्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत होता. केंद्र शासनाचा मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम १९९४ चा असून तो महाराष्ट्रात ४ फेब्रुवारी १९९५ पासून अंमलात आला. २०११ च्या दुरुस्तीने त्याच्या नावात व कक्षेत ऊतकांचा समावेश झाला आणि प्रशिक्षित तंत्रज्ञालाही स्वच्छमंडल काढण्याची मुभा मिळाली. कायद्याने वाट मोकळी केली, तरी मृत्यूनंतर सु. सहा तासांच्या आत नेत्र काढून घ्यावे लागतात ही नैसर्गिक अट कायम राहते. तोरणमाळच्या पठारावर किंवा नर्मदेच्या जलाशयाकाठच्या पाड्यात झालेल्या मृत्यूची वार्ताही एवढ्या वेळात नेत्रपेढीपर्यंत पोहोचणे कठीण असते.

स्वच्छमंडले अपुरी असल्याने ती कोणाला द्यावीत याचा क्रम लावावा लागतो. ज्या डोळ्यात रोपणानंतर दृष्टी येण्याची शक्यता आहे, त्याला अग्रक्रम मिळतो व तो रास्तच आहे. त्याचा परिणाम असा होतो की, दृक्‌पटल किंवा दृक्‌तंत्रिका निकामी झालेला, केवळ वेदनेपासून मुक्तता मागणारा डोळा यादीत मागे पडतो. शिवाय रोपण झाल्यावर वर्षानुवर्षे औषधाचे थेंब घालणे व शरीराने रोप नाकारल्याची लक्षणे वेळीच ओळखणे आवश्यक असते. अशा डोळ्यासाठी दुसरा मार्ग हवा होता.

तो मार्ग बॉस्टन येथील नेत्रशल्यविशारद ट्रिग्वे गुंडरसन यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. जुन्या जर्मन पद्धतीतील दोष घडीच्या जाडीत आहे हे त्यांनी ओळखले. वरच्या पापणीखालचे नेत्रश्लेष्मपटल त्यांनी त्याखालील तंतुमय थरापासून काळजीपूर्वक सोडविले, स्वच्छमंडलावरील अधिस्तर पूर्णपणे खरवडून काढला आणि ते पातळ पटल ताण न देता खाली आणून शिवले. दोन्ही टोकांना ते मूळ जागीच जोडलेले राहत असल्याने त्याचा रक्तपुरवठा तुटत नाही. रक्तवाहिन्यांसह आलेले हे आच्छादन व्रण भरून काढते, फोड येऊ देत नाही व वेदना थांबविते. शिवाय ते रुग्णाच्या स्वतःच्या शरीराचे असल्याने नाकारले जाण्याचा प्रश्नच येत नाही. डोळा गुलाबी-पांढरा दिसतो, त्यातून फारसे दिसत नाही व वैद्याला आत पाहता येत नाही, हे या शस्त्रक्रियेचे तोटे होत. पुढे कधी आवश्यक वाटल्यास आच्छादन दूर करून स्वच्छमंडलरोपण करता येते. फोड आलेल्या पृष्ठभागाला विद्युत् उष्णतेचे सूक्ष्म डाग देऊन तेथे चिकट व्रणपटल निर्माण करण्याची पद्धतही १९६० नंतर प्रचारात आली. सुईने असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडण्याची पद्धत त्यानंतरची आहे.

उल्बपटलाचा इतिहास याहून वळणाचा आहे. वार व तिची आवरणे प्रसूतीनंतर टाकून दिली जातात. महाराष्ट्रात ती घराजवळ पुरण्याची रीत सर्वत्र होती व अनेक ठिकाणी अजूनही आहे. या टाकाऊ समजल्या गेलेल्या पटलाचा त्वचारोपणात उपयोग अमेरिकेतील जॉन स्टेज डेव्हिस यांनी १९१० मध्ये केला. डोळ्यासाठी ते प्रथम अँड्रू डी रॉथ यांनी वापरले व १९४० मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी उल्ब व त्याला चिकटलेले बाहेरचे आवरण दोन्ही एकत्र बसविली होती. पापणी डोळ्याला चिकटलेल्या सहा रुग्णांपैकी एकाच रुग्णात त्यांना यश आले. १९४६ मध्ये लंडनच्या आर्नल्ड सॉर्सबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुकविलेले उल्बपटल दाहक रसायनांनी भाजलेल्या डोळ्यांवर लावून चांगले परिणाम मिळविले. एवढे होऊनही पुढची सु. चाळीस वर्षे पाश्चात्त्य नेत्रवैद्यकाच्या साहित्यात या ऊतकाचा जवळजवळ उल्लेख नाही. प्रतिजैविके व स्टेरॉइडे यांवरील विश्वास, तसेच नेत्रपेढ्यांचा विस्तार ही त्याची कारणे असू शकतील. ज्या वस्तूला किंमत नाही तिच्याकडे संशोधनाचा पैसा सहसा वळत नाही, हेही त्यात असावे.

हे पटल पुन्हा पुढे आले ते डोमिनिकन प्रजासत्ताकातून. हुआन बात्ये व त्यांच्या सहकाऱ्याने नेत्रश्लेष्मपटलाऐवजी उल्बपटल वापरल्याचा अनुभव १९९३ मध्ये मांडला. त्यानंतर मायामी येथील शेफर त्सेंग यांनी किम यांच्यासह सशांच्या डोळ्यांवर पद्धतशीर प्रयोग करून १९९५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या वेळी उल्बपटल बाहेरच्या आवरणापासून वेगळे केलेले व ग्लिसरॉलयुक्त द्रवात गोठवून जपलेले होते. डी रॉथ यांच्या अपयशाचे बरेचसे स्पष्टीकरण या फरकात सापडते. फोडयुक्त विकृतीतील वेदनेवर या रोपणाचा उपयोग त्सेंग यांच्या गटाने १९९९ मध्ये सविस्तर नोंदविला. बहुसंख्य रुग्णांच्या वेदना थांबल्याचे व अधिस्तर पुन्हा दृढ झाल्याचे त्यात आढळले.

या पटलाची उपयुक्तता त्याच्या रचनेत आहे. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते व त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या कोशिकांखाली एक जाड आधारपटल असते. स्वच्छमंडलाचा अधिस्तर त्या आधारपटलावर सरकत जाऊन घट्ट रुजतो. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला परके वाटणारे घटक या पटलात अत्यल्प असल्याने रक्तगट वा ऊतकगट जुळवावा लागत नाही. दाह व व्रणतंतूंची वाढ रोखणारी प्रथिनेही त्यात असतात.

ऊतकपेढी व साठवण : दात्री मातेची संमती घेऊन, शक्यतो पूर्वनियोजित सिझेरियन प्रसूतीतून, वार घेतली जाते. मातेच्या रक्ताची एड्‌सचे विषाणू, ब व क प्रकारची कावीळ आणि उपदंश यांसाठी तपासणी करतात. पटल लवणद्रावाने व प्रतिजैविकांनी धुऊन कागदासारख्या आधारावर पसरतात. गोठवून ठेवावयाचे असल्यास -८०° से. तापमान राखणारी यंत्रणा व अखंड वीज लागते. दुसरी रीत म्हणजे ते गोठवून सुकविणे, बंद पाकिटात भरणे व गॅमा किरणांनी निर्जंतुक करणे.

या दुसऱ्या रीतीत महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे. तुर्भे (ट्रॉम्बे) येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारे ‘आयसोमेड’ हे केंद्र १९७४ मध्ये सुरू केले. त्याच्या आधारे परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतकपेढी उभी राहिली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या प्रादेशिक कार्यक्रमाचे तिला साहाय्य लाभले आणि तिच्या उभारणीत डॉ. ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला यांचा प्रमुख सहभाग होता. हाडे व उल्बपटल सुकवून, कोबाल्ट-६० पासून मिळणाऱ्या किरणांची सामान्यतः २५ किलोग्रे मात्रा देऊन ते रुग्णालयांना पुरविण्याचे काम या पेढीने केले. उल्बपटलाचा उपयोग आरंभी भाजलेल्या जखमा व न भरणारे व्रण झाकण्यासाठी होई. डोळ्यासाठी त्याची मागणी नंतर वाढली. सुकविलेल्या पटलातील काही गुणकारी प्रथिने कमी होतात, म्हणून गोठविलेले पटल श्रेष्ठ मानणारे शल्यविशारद आहेत. परंतु आधारपटलाची बांधणी सुकविलेल्या पटलातही टिकते. असे पाकीट साध्या तापमानात दीर्घकाळ राहते व टपालानेही पाठविता येते. तालुक्याच्या ठिकाणी विजेचा भरवसा नसेल तर हा गुण निर्णायक ठरतो.

शस्त्रक्रिया व मर्यादा : डोळ्याभोवती बधिर करणारे औषध टोचून सूक्ष्मदर्शकाखाली सैल झालेला अधिस्तर व फोड खरवडून काढतात. पटलाची आधारपटलाची बाजू वर ठेवून ते स्वच्छमंडलावर पसरतात आणि केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याने किंवा फायब्रिनच्या चिकटद्रव्याने बसवितात. वर काही दिवस मऊ स्पर्शभिंग ठेवतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जेथे होते तेथील उपकरणे यास पुरेशी असतात. काही आठवड्यांत अधिस्तर पटलावर वाढून येतो व पटलाचा बराचसा भाग विरून जातो.

हे रोपण म्हणजे रामबाण उपाय नव्हे. अंतःस्तराची हानी त्याने भरून येत नाही. स्वच्छमंडलात पाणी साचतच राहते व काही रुग्णांत कालांतराने फोड पुन्हा येतात. सुईने छिद्रे पाडण्याच्या साध्या व स्वस्त पद्धतीशी तुलना केली असता वेदनाशमनात मोठा फरक आढळला नाही, असा निष्कर्ष ब्राझीलमधील एका अभ्यासात २०१३ मध्ये निघाला. त्यामुळे उल्बपटल उपलब्ध नाही एवढ्या कारणाने रुग्णाला तसेच परत पाठविणे समर्थनीय ठरत नाही. कवकांचा किंवा जंतूंचा संसर्ग चालू असताना केवळ आच्छादन घालणे धोक्याचे असते, कारण आच्छादनाखाली व्रण वाढत राहिला तरी दिसत नाही. चुन्याने भाजलेल्या डोळ्यात मात्र सुरुवातीच्या काही दिवसांतच पटल बसविणे हितकारक असते. त्याआधी भरपूर पाण्याने डोळा धुणे व पापणीखाली अडकलेले चुन्याचे कण काढणे याला पर्याय नाही.

ज्या डोळ्यात दृष्टीची आशा आहे, त्यासाठी एकविसाव्या शतकात वेगळा मार्ग खुला झाला. नेदर्लंड्‌समधील गेरिट मेलेस यांनी विकसित केलेल्या तंत्रांनुसार स्वच्छमंडलाचा केवळ अंतःस्तर बदलता येतो. जपानमध्ये शिगेरू किनोशिता व सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या अंतःस्तराच्या कोशिका डोळ्यात टोचून २०१८ मध्ये उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले व त्यावर आधारित उपचाराला तेथे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ही तंत्रे मूळ रोगच दूर करतात आणि वेदनाही त्याबरोबर जाते. दृष्टीची आशा संपलेल्या डोळ्याच्या वाट्याला ती सहसा येत नाहीत.

नंदुरबारच्या संदर्भातील निवड : फोडयुक्त विकृतीवरील पहिला व सर्वत्र दिला जाणारा उपचार म्हणजे ५ टक्के मिठाचे थेंब व डोळ्यावर कायम ठेवण्याचे मऊ स्पर्शभिंग. त्याने वेदना त्वरित कमी होते. परंतु भिंग ठरावीक काळाने बदलावे लागते, प्रतिजैविकाचे थेंब चालू ठेवावे लागतात आणि हेळसांड झाल्यास संसर्ग होऊन डोळा फुटण्याचा धोका असतो. शहरातील रुग्णाला जे सोयीचे, ते धडगाव किंवा मोलगी भागातील रुग्णाला धोक्याचे ठरू शकते. या भागातील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बारडोलीसह दक्षिण गुजरातच्या साखरपट्ट्यात जातात व कित्येक महिने फडाजवळच्या पालांत राहतात. धूळ, उसाची धारदार पाती व धुण्यासाठी अपुरे पाणी अशा स्थितीत डोळ्यातील भिंग सांभाळणे अवघड आहे. दर महिन्याला नेत्रवैद्याकडे जाणे तर दूरच. त्यांच्या बाबतीत खर्चापेक्षा किती खेपा घालाव्या लागतील हा मुद्दा आधी विचारात घ्यावयास हवा. एकदाच करावयाची शस्त्रक्रिया, मग ती उल्बपटलाची असो वा गुंडरसन यांच्या पद्धतीची, या दृष्टीने उजवी ठरते. त्यांतही दृष्टी पूर्णपणे गेलेल्या डोळ्यासाठी नेत्रश्लेष्मपटलाचे आच्छादन अधिक टिकाऊ असून त्यासाठी कोणत्याही पेढीवर अवलंबून राहावे लागत नाही. उल्बपटल अशा रुग्णांसाठी राखावे की ज्यांच्या डोळ्यात थोडा उजेड उरला आहे किंवा ज्यांना पुढे स्वच्छमंडल मिळण्याची वाट पाहावयाची आहे.

अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्यातील रुग्णांना पूर्वीपासून धुळे, नाशिक, मुंबई किंवा भुसावळ-सुरत लोहमार्गाने सुरतेस जावे लागत आले. नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झाले. नर्मदाकाठच्या, रस्ता नसलेल्या गावांसाठी तरंगत्या दवाखान्यांची सोय त्याआधीच करण्यात आली होती. दुखणारा डोळा ओळखून रुग्णाला पुढे पाठविणे एवढे काम अशा दवाखान्यातील कर्मचारी विजेरी व फ्लुओरेसिनच्या रंगीत पट्टीच्या साहाय्याने करू शकतो. उघडा पडलेला भाग त्या रंगाने निळ्या उजेडात हिरवा दिसतो. शस्त्रक्रियेची वेळ ठरविताना ऊसतोडीचा हंगाम पाहणे श्रेयस्कर असते. होळीला गावी परतून मजूर पुन्हा फडावर जातात. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र ते घरी स्थिरावतात व शेतीच्या कामासाठी तेथेच राहतात. टाके काढण्यासाठी व अधिस्तर नीट रुजला की नाही हे पाहण्यासाठी लागणारे पुढील चार-सहा आठवडे त्या काळात मिळू शकतात.